तंबाखू, अफू आणि गर्द : आपल्या मुलखातील व्यसनांचा तौलनिक विचार

मराठीत 'व्यसन' हा शब्द आपण जपून वापरतो. कोणी दारूच्या आहारी गेला तर त्याला दारूचे व्यसन जडले, असे आपण म्हणतो. गर्द ओढणाऱ्याला तर 'व्यसनी' याखेरीज दुसरे विशेषणच उरत नाही. तंबाखूची गोष्ट निघाली की मात्र आपली भाषा एकाएकी सौम्य होते. तंबाखूची 'सवय' असते, विडीचा 'नाद' असतो, तपकिरीची 'ओढ' असते आणि मशेरी नुसती 'लागते'. संस्कृतात व्यसन म्हणजे संकट, अधःपात. राजनीतीच्या ग्रंथकारांनी राजांची व्यसने मोजली, त्यांत मद्य आहे, द्यूत आहे, मृगया आहे. तंबाखू नाही, कारण ती वनस्पती अमेरिका खंडातली आणि कोलंबसापूर्वी आपल्याकडे ती कोणास ठाऊकच नव्हती. परंतु जुन्या यादीत नाव नाही एवढ्यावर नव्या यादीतील अनुपस्थितीचा उलगडा होत नाही. निपाणी-चिकोडीच्या काळ्या जमिनीत जे पीक आले, ज्याच्या पैशावर आपल्यापैकी कित्येकांची घरे उभी राहिली आणि मुले शिकली, त्याला दारू-अफूच्या पंगतीत बसविण्यास आपले मन धजत नाही, हे खरे कारण होय. प्रस्तुत लेखात आम्हांस एवढाच प्रश्न तपासावयाचा आहे की, तंबाखूची पकड इतर मादक द्रव्यांच्या तुलनेत किती घट्ट, आणि तिच्याविषयीची आपली सौम्यता कितपत रास्त?

या तुलनेचा पहिला ऐतिहासिक प्रसंग आपल्याच मुलखाशी निगडित आहे. पोर्तुगीजांनी आणलेली तंबाखू सोळाव्या शतकाच्या अखेरीस दख्खनेत रुजली होती. अकबराचा एक अधिकारी असद बेग १६०४ च्या सुमारास विजापूरच्या दरबारात होता. बेळगावचा किल्ला त्या वेळी आदिलशाहीतच मोडत असे. असद बेगाने विजापुरात तंबाखू पाहिली. तिची नवलाई वाटून त्याने ती सोबत घेतली, एक रत्नजडित नळी करविली आणि बादशहापुढे ठेवली. अकबराने कौतुकाने दोन-तीन झुरके घेतले. हकिमाने हरकत घेतली, वाद झाला आणि बादशहाने स्वतः ती सवय लावून घेतली नाही. पण असद बेगाने उरलेली तंबाखू सरदारांत वाटली. मागणी वाढली, व्यापाऱ्यांनी विक्री सुरू केली आणि पाहता पाहता हा प्रघात सर्वत्र पसरला, असे त्याने स्वतःच नमूद केले आहे.

त्याच असद बेगाकडे आणखी एक कामगिरी होती. शाहजादा दानियालसाठी नियोजित झालेली आदिलशाही राजकन्या विजापुराहून आणावयाची होती. विवाह झाला, परंतु दानियाल १६०५ साली अतिमद्यपानाने मरण पावला. बापाने दारू तोडली तेव्हा नोकरांनी ती बंदुकीच्या नळीत भरून त्याच्यापर्यंत पोहोचविली, अशी हकीकत जहांगिराच्या आत्मचरित्रात आहे. म्हणजे एकाच वाटेने दारूने मरणाऱ्याची वधू आणि तंबाखूची नळी अशा दोन्ही गोष्टी दख्खनेतून मोगलांकडे गेल्या. दारूचा परिणाम वर्षभरात दिसला. तंबाखूचा दिसावयास शतके लागली.

पुढे १६१७ साली जहांगिराने तंबाखूवर बंदी घातली. हा बादशहा तरुणपणी दिवसाला वीस प्याले दुहेरी गाळलेली दारू पीत असे आणि नंतर अफूच्या आधीन होता. हे त्याने स्वतःच मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. ज्याला दोन व्यसने आवरता आली नाहीत, त्याने तिसरे इतरांना निषिद्ध ठरविले. त्याच सुमारास इराणात शाह अब्बासनेही तंबाखूस मनाई केली होती. पण जहांगिराचा वकील खान आलम तिकडे गेला तेव्हा त्याला क्षणभरही तंबाखूवाचून राहवत नाही हे पाहून शाहने त्याच्यापुरती सूट दिली. दारू आणि अफू यांच्याशी खेळलेल्या त्या दरबारी मंडळींनाही तंबाखूची तलफ ही दयेस पात्र अशी गोष्ट वाटली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. 'तलफ' हा आपल्याकडील शब्द आजही सर्वांत जास्त चहा आणि तंबाखू यांच्याच संबंधात ऐकू येतो. आपण व्यसन म्हणावयास कचरलो तरी भाषेने लक्षण अचूक टिपले होते.

इंग्रजी अमलात हा विषय महसुलाच्या दप्तरात गेला. आमची हयात सरकारी नोकरीत गेली असल्यामुळे ही बाजू आम्हांस विशेष बोलकी वाटते. १८७८ साली अफूचा कायदा झाला आणि त्याच वर्षी मुंबई इलाख्याचा अबकारी कायदाही. हेतू व्यसन थांबविण्याचा नव्हता, त्यावरील उत्पन्न बांधून घेण्याचा होता. गांजाविषयी नेमलेल्या आयोगाने १८९४ साली अहवाल देताना मर्यादित सेवनापासून विशेष अपाय नाही असा निष्कर्ष काढला. अफूच्या गोळीची खुली विक्री स्वातंत्र्यानंतर टप्प्याटप्प्याने कमी करीत १९५९ पर्यंत संपविण्यात आली. तंबाखूवर मध्यवर्ती सरकारने अबकारी कर बसविला तो महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, आणि तोही पैशाच्या गरजेपोटी. मुंबई राज्याने १९४९ साली दारूबंदीचा कायदा केला. बेळगाव जिल्हा तेव्हा त्याच राज्यात असल्याने तो इकडेही लागू झाला. १९५६ मध्ये जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि पुढे त्या राज्याने दारूबंदी उठविली. दारूचे असे दोनदा उलटसुलट झाले. तंबाखूचे नाव त्या चर्चेत कोणी काढले नाही. रंगभूमीवरही तेच. राम गणेश गडकरी यांच्या 'एकच प्याला'ने १९१९ पासून दारूने उद्ध्वस्त झालेला सुधाकर घरोघर पोहोचविला. तंबाखूच्या वाट्याला सुधाकर आला नाही. येण्याचे कारणही नव्हते. तंबाखू खाऊन कोणी बायकोला मारीत नाही, भर रस्त्यात लोळत नाही, कचेरीत बडबडत नाही. उलट चंची पुढे केली की अनोळखी माणसाशीही बोलणे सुरू होते.

कायद्याने आणि समाजाने व्यसन मोजले ते त्याच्या गोंगाटावरून. वैद्यकाचे माप निराळे आहे, आणि ते ठरावयास बराच काळ गेला. निकोटीन हे द्रव्य तंबाखूतून १८२८ साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे पोसेल्ट आणि रायमान या दोघांनी वेगळे केले. तरीही १९६४ साली अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या प्रसिद्ध अहवालाने धूम्रपानाने कर्करोग होतो हे सांगताना, तंबाखू ही व्यसन नसून सवय आहे, असेच म्हटले. आपण निपाणीत जे बोलत होतो तेच वॉशिंग्टनमध्ये बोलले जात होते. ही भूमिका बदलली ती १९८८ साली. त्या वर्षीच्या सर्जन जनरलच्या अहवालाने तीन गोष्टी निःसंदिग्धपणे सांगितल्या : तंबाखू सर्व रूपांत व्यसन लावते, ते लावणारे द्रव्य निकोटीन होय, आणि हे व्यसन जडण्याची प्रक्रिया हेरॉइन व कोकेन यांच्यासारखीच आहे. तरीही १९९४ साली अमेरिकेतील सात मोठ्या सिगारेट कंपन्यांचे प्रमुख तेथील प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे शपथेवर उभे राहिले आणि निकोटीन व्यसन लावते असे आम्हांस वाटत नाही, असे एकामागून एक सांगून मोकळे झाले.

त्याच १९९४ सालात जॅक हेनिंगफील्ड आणि नील बेनोविट्झ या दोन तज्ज्ञांनी निकोटीन, हेरॉइन, कोकेन, दारू, गांजा आणि चहा-कॉफीतील कॅफिन अशा सहा द्रव्यांची पाच कसोट्यांवर स्वतंत्रपणे क्रमवारी लावली. ही क्रमवारी आम्हांस सर्वांत उद्बोधक वाटते, कारण 'कोणते व्यसन वाईट' या ढोबळ प्रश्नाचे तीत तुकडे पाडलेले आहेत. नशा किंवा कैफ या कसोटीवर दोघांनीही दारूला पहिला क्रमांक दिला आणि निकोटीनला तळाच्या दोन क्रमांकांत ठेवले. द्रव्य तोडल्यानंतरच्या त्रासातही दारू पहिली. अट्टल मद्यपीची दारू एकदम बंद केली तर झटके आणि भ्रम होऊन प्रसंगी प्राणही जातो, हे डॉक्टर जाणतात. पुन्हा पुन्हा घेण्याची ओढ लावण्यात कोकेन पहिले. पण सुटण्यास अवघड कोणते, माणूस किती बांधला जातो, या कसोटीवर दोघांचाही पहिला क्रमांक निकोटीनला होता आणि हेरॉइन दुसऱ्या क्रमांकावर होते.

अमेरिकेतीलच एका मोठ्या पाहणीत, आयुष्यात एकदा तरी ते द्रव्य चाखलेल्यांपैकी पुढे त्याच्या आधीन किती झाले, हे मोजले गेले. तंबाखूच्या बाबतीत हे प्रमाण शेकडा ३२, हेरॉइनच्या बाबतीत २३, कोकेनच्या १७, दारूच्या १५ आणि गांजाच्या ९ असे आढळले. तंबाखू कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते आणि हेरॉइन लपूनछपून, हा भेद या आकड्यांत मिसळलेला आहे हे मान्य केलेच पाहिजे. तरीही तीन चाखणाऱ्यांमागे एक अडकतो, हे प्रमाण 'नुसती सवय' या शब्दात बसत नाही. व्यसन सोडलेल्यांपैकी किती जण पुन्हा वळतात याचेही आलेख १९७१ साली प्रसिद्ध झाले होते. हेरॉइन, तंबाखू आणि दारू यांच्या तीन रेषा एकीवर एक ठेवाव्यात इतक्या सारख्या निघाल्या; बहुतेक जण पहिल्या तीन महिन्यांतच घसरतात.

नशा नाही, तरी पकड इतकी कशी, याचे उत्तर पुनरावृत्तीत आहे. झुरक्यातील निकोटीन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते, तेथे डोपामिन नावाचे सुखद द्रव्य सुटते आणि दोन-एक तासांत रक्तातील निकोटीन निम्म्यावर येऊन तलफ परत उभी राहते. दिवसाला वीस विड्या ओढणारा माणूस, एका विडीमागे दहा झुरके धरले तरी, दोनशे वेळा मेंदूला हा धडा देतो. हेरॉइन घेणारा दिवसातून चार-पाच वेळा देत असेल. शिवाय गर्द घेणाऱ्याला आडोसा लागतो. विडीला चहा, जेवण, गप्पा, शौच, कामातली विश्रांती असे दिवसातले प्रत्येक निमित्त चालते. त्यामुळे तंबाखू सोडणाऱ्याला एक द्रव्य सोडून भागत नाही. त्याला आपल्या दिवसाची सगळी वीण उसवावी लागते.

याची दोन उदाहरणे जगप्रसिद्ध आहेत. मानसशास्त्रज्ञ सिग्मंड फ्रॉइड तरुणपणी कोकेन घेत असे. ते त्याने सोडले. दिवसाला वीसच्या आसपास चिरूट ओढण्याची सवय मात्र १९२३ साली तोंडाचा कर्करोग निघाल्यावरही सुटली नाही. तीसहून अधिक शस्त्रक्रिया सोसून तो १९३९ मध्ये गेला. 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' या संघटनेचा एक संस्थापक बिल विल्सन याने १९३४ साली दारू सोडली ती कायमची, आणि जगभरच्या असंख्य मद्यपींना वाट दाखविली. धूम्रपान मात्र त्याच्याकडून त्यानंतर कित्येक दशके सुटले नाही आणि १९७१ साली तो फुप्फुसांच्या विकाराने मरण पावला. ज्यांनी कोकेन जिंकले, दारू जिंकली, ते तंबाखूपुढे हरले. मग वखारीतल्या हमालाला 'मनावर घे म्हणजे सुटेल' असे सांगणे कितपत न्याय्य?

येथे व्हिएतनाम युद्धातील एक शोध सांगितला पाहिजे, कारण तो आपल्या निपाणीला लागू पडतो. तेथील अमेरिकी सैनिकांत हेरॉइन फार पसरले होते आणि ही तरुण मुले मायदेशी परतून काय करतील, या चिंतेने सरकार हादरले होते. ली रॉबिन्स या विदुषीने परतलेल्या सैनिकांचा मागोवा घेतला. तेथे व्यसनी असलेल्यांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनी झाले ते शेकडा पाचांच्या आसपासच. हेरॉइन सौम्य आहे, असा याचा अर्थ नव्हे. ज्या ठिकाणी, ज्या सोबतीत, ज्या ताणाखाली व्यसन लागले ते ठिकाणच मागे पडले, हा त्याचा अर्थ. सैनिक विमानात बसून घरी आला आणि व्यसन तिकडे राहिले. आता निपाणीचा विचार करावा. येथे ज्याला तंबाखू लागली त्याने परतून जावे कोठे? त्याचे घरच त्या वासात आहे. शेतात तंबाखू, वखारीत तंबाखू, आईच्या तळहातावर मशेरी, बापाच्या खिशात चुन्याची डबी. पेशवाईपासून इकडे स्थिरावलेल्या आपल्या घरांतूनही सकाळी तव्यावर तंबाखू भाजल्याचा वास हा सकाळचाच वास मानला गेला. लहानपणी दात घासण्याच्या निमित्ताने मशेरी हाती आली आणि म्हातारपणापर्यंत सुटली नाही, अशा आज्या कोणाच्या घरात नव्हत्या?

ज्यांनी तंबाखू तोंडात घातली नाही त्यांनाही ती सोडत नाही, ही तर अधिक दुःखाची गोष्ट. ओली पाने हाताळताना निकोटीन कातडीतून अंगात शिरते. मळमळ, चक्कर, ओकारी, डोकेदुखी यांनी मजूर बेजार होतात. वखारीत तंबाखू कुटणाऱ्या-चाळणाऱ्या बायकांच्या नाकातोंडात दिवसभर धूळ जाते. या स्त्रियांना प्रा. सुभाष जोशी यांनी संघटित केले, आणि त्यांच्या लढ्यावर 'युगांतर' या स्त्रियांच्या गटाने १९८२ साली माहितीपट केला. त्याआधी १४ मार्च १९८१ पासून शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी भावासाठी पुणे-बंगळूर महामार्ग तीन आठवड्यांहून अधिक काळ अडवून धरला होता आणि ६ एप्रिलच्या गोळीबारात डझनभर शेतकरी प्राणांस मुकले होते. या दोन्ही लढ्यांविषयी आम्हांस आदरच आहे. पण भाव, मजुरी आणि बोनस यांच्या त्या झुंजीत 'हा माल पुढे माणसाचे काय करतो' हा प्रश्न विचारण्याची उसंत कोणास नव्हती. पोटाचा प्रश्न उभा असताना ती असतेही कोठून?

हे दोन प्रश्न एकाच लेखकाच्या हातून मराठीत यावेत, हा मोठा योग म्हणावयाचा. अनिल अवचट यांनी निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रियांवर लिहिले, आणि पुढे १९८० च्या दशकात पुण्या-मुंबईच्या तरुणांना ग्रासणाऱ्या गर्दवरही लिहिले. त्या लेखनातून, डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने आणि पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने, २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. गर्दचा रुग्ण हा गुन्हेगार नसून आजारी माणूस आहे, ही दृष्टी महाराष्ट्राला तेथून मिळाली. १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा त्याला तुरुंगाकडे ओढीत होता. मुक्तांगणाने त्याला माणसांत परत आणले. गर्दच्या बाबतीत आपल्याला कठोरपणाकडून करुणेकडे यावे लागले. तंबाखूच्या बाबतीत प्रवास उलटा आहे. तेथे कठोरपणा कधी नव्हताच, परंतु आजार म्हणून ओळखही नव्हती, त्यामुळे करुणेलाही जागा नव्हती.

सरहद्दीवरील माणसाला कायद्याचे चंचलपण वेगळे सांगावयास नको. गुटख्याचेच पाहावे. गोव्याने त्यावर २००५ साली बंदी घातली, महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये, तर कर्नाटकाने मे २०१३ च्या अखेरीस. मधले दहा महिने कागलला जी पुडी गुन्हा होती ती काही मैलांवर निपाणीत उजळ माथ्याने विकली जात होती. पुडी तीच, निकोटीन तेच, जबडाही तसाच. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास मनाई करणारा केंद्राचा कायदा २००३ चा आणि ई-सिगारेटवरील बंदी २०१९ ची. विडीवर मात्र गरिबाची म्हणून हात नेहमीच हलका राहिला.

ती गरिबाची आहे हे खरेच, आणि तिची किंमतही गरीबच मोजतो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या भारतीय अभ्यासात विडी ओढणाऱ्या पुरुषाचे आयुष्य सुमारे सहा वर्षांनी आणि स्त्रीचे सुमारे आठ वर्षांनी घटते, असे आढळले. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशातील प्रौढांपैकी शेकडा २८.६ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते, कर्नाटकात २२.८, महाराष्ट्रात २६.६. त्याच दशकातील दुसऱ्या शासकीय पाहणीत दारू घेणारे शेकडा १४.६ आणि अफू-हेरॉइन वर्गातील द्रव्ये घेणारे सुमारे दोन निघाले. गर्द अतिमात्रेने एका रात्रीत श्वास बंद करून मारते आणि वर्तमानपत्रात बातमी येते. तंबाखू तीस-चाळीस वर्षे घेऊन मारते आणि दाखल्यावर हृदयविकार, दमा किंवा कर्करोग एवढेच लिहिले जाते. देशात दरवर्षी सुमारे १३ लाख माणसे अशी जातात.

तेव्हा तुलनेचा निष्कर्ष असा. बुद्धी भ्रष्ट करणे, घर मोडणे, तात्काळ मृत्यू ओढवणे या बाबतींत दारू आणि गर्द तंबाखूहून भयंकर आहेत. हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण पकडीच्या घट्टपणात तंबाखू हेरॉइनच्या बरोबरीस बसते, आणि एकूण जीवितहानीत सर्वांच्या पुढे जाते. तिच्या शांतपणाला आपण निरुपद्रवीपणा समजलो, आणि तसे समजण्यात आपला व्यवहारी लाभही होता.

यावरून तंबाखू पिकविणाऱ्याला दोष द्यावा, असे आम्ही सुचवीत नाही. नदीचे पाणी पोहोचले तेथे अनेकांनी ऊस धरला. कोरडवाहू शेतकऱ्याला आणि घरी विड्या वळून हजारामागे मजुरी घेणाऱ्या बाईला दुसरे साधन मिळेपर्यंत उपदेश करण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण आपल्या घरातील माणसांसाठी एक गोष्ट आपल्या हाती आहे. तंबाखू सोडू पाहून चौथ्यांदा हरलेल्या मुलाला किंवा सत्तरीतही मशेरीवाचून सकाळ न उजाडणाऱ्या आजीला 'मनाचा दुबळेपणा' म्हणून हिणवू नये, आणि 'एवढ्याने काय होते' म्हणून सोडूनही देऊ नये. दारू सोडणाऱ्यामागे कुटुंब जसे उभे राहते, तसे यांच्यामागेही राहावे. निकोटीनचा डिंक, तलफ शमविणारी औषधे आणि समुपदेशन ही साधने आज उपलब्ध आहेत, आणि डॉक्टरांकडे त्यासाठी जाण्यात कमीपणा नाही. तंबाखूला तिच्या खऱ्या नावाने हाक मारली, तिला व्यसन म्हटले, तरच उपचाराचे दार उघडते. चारशे वर्षांपूर्वी आदिलशाही मुलखातून ही तंबाखू बादशहापुढे गेली ती नवलाई म्हणून. तिला आजार म्हणून ओळखण्याचे काम त्याच मुलखातील आपल्या घरांनी आता अंगावर घ्यावे.